निळूभाऊ, खालच्या पट्टीबद्दल आभार

निळूभाऊ फुले, सप्रेम नमस्कार.

हौशी मंचावर पाटील, सरपंच, सावकार उभे करणाऱ्या नटांकडून हे पत्र. १३ जुलै २००९ला तुम्ही गेलात, आमची शिकवणी मात्र अजून तुमच्याकडेच चालू आहे.

तुमची नक्कल सोपी वाटते, तिथेच फसगत होते. नकलाकार घसा आवळून आवाज घोगरा करतो, मान तिरकी करतो, मिशीला पीळ देतो. दोन प्रवेशांत घसा बसतो आणि प्रेक्षक हसू लागतात. ‘सामना’ चित्रपटातल्या तुमच्या हिंदुरावाला दरडावायची गरजच नसते. साखर कारखाना त्याचा, माणसं त्याची, मास्तर राहतो तोही त्याच्याच आसऱ्याला. अशा माणसाला घाई कसली?

वाक्याच्या शेवटी सूर खाली न्यायचा, पण श्वास तिथे संपू द्यायचा नाही. संपला की क्रियापद गिळलं जातं, आणि मराठीत धमकी बहुतेकदा क्रियापदातच बसलेली असते. कॅमेऱ्यापुढे कुजबूज चालते. माईक नसलेल्या मंडपात ती तिसऱ्या रांगेपुढे जात नाही. तिथे पट्टी खालचीच ठेवून व्यंजनं ठसठशीत उच्चारायची, श्वास पोटातून घ्यायचा आणि बोलण्याआधी क्षणभर थांबायचं. नजरेचंही तसंच: आधी डोळे, मग मान, मग शब्द. तिन्ही एकदम हलले की सोंग झालंच म्हणून समजा.

‘सखाराम बाइंडर’ हे नाटक (१९७२) म्हणजे उलटा धडा. घरात आणलेल्या बाईला नियम ऐकवणारा सखाराम तोंडाळ आहे, म्हणून नट पहिल्याच प्रवेशात सगळा आवाज उधळतो. मग पुढची बाई, चंपा, घरात आल्यावर त्याचं ढासळणं दाखवायला हाती काही उरत नाही.

आणि ‘सिंहासन’ चित्रपटातला (१९७९) पत्रकार दिगू टिपणीस! आमच्या मते तुमचं सगळ्यात अवघड काम हेच. दिगू ऐकतो. समोरचा बोलत असताना हौशी नट मनात पुढचं वाक्य घोकत असतो. ते डोळ्यांत दिसतं आणि प्रवेश मरतो.

पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम, राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, लोकनाट्य आणि मग १९६८चा ‘एक गाव बारा भानगडी’. चित्रपटातला पाटील या वाटेनं आला, हे नक्कल करणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसतं.

एक ऋण नाटकाबाहेरचं. डॉ. श्रीराम लागूंच्या साथीनं ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून तुम्ही सामाजिक कृतज्ञता निधीला पैसा मिळवून दिलात. त्यातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागलं. त्याबद्दलही आभार.

मिशीवर हात फिरवल्याशिवाय ज्याला पाटील जमत नाही, त्याला आता तालमीत हात पाठीमागे बांधून उभं करतात.

आपले,
हौशी रंगकर्मी