मुलगी नक्की कोणाची? अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली.

सादर नमस्कार.

आयकर विवरणपत्राची मुदत २०२५ साली तुम्ही ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर नेलीत, त्याबद्दल आधी आभार. त्या दीड महिन्यात माझं काम काही झालं नाही, पण पत्राची सुरुवात आभारानं करावी असं शाळेत शिकवलं होतं.

मी पुण्यात एका खासगी कंपनीत नोकरी करते. २०१९ साली घटस्फोट झाला, मुलीचा ताबा माझ्याकडे आला. ती आता सातवीत आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात तिची ट्यूशन फी झाली ९२ हजार. तिन्ही हप्ते माझ्या खात्यातून गेले. पावती मात्र निघते तिच्या वडिलांच्या नावानं, कारण प्रवेश घेताना 'पालक' या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं होतं. बदलून द्या म्हटलं, तर शाळा म्हणते वडिलांचं ना हरकत पत्र आणा. ते मागायला फोन केला तेव्हा कळलं, की त्याच पावत्या पालकांच्या ॲपवरून उतरवून त्यांनी आपल्या ऑफिसात लावल्यासुद्धा!

१९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ८०सी म्हणतं, ज्यानं फी भरली त्याला वजावट, म्हणजे तेवढी रक्कम करपात्र उत्पन्नातून कमी. छान. पण आमच्या एचआरला ८०सी दिसत नाही, पावतीवरचं नाव दिसतं. सीए म्हणाले, "ताई, एकाच पावतीवर दोघांचा दावा नको. नोटीस आली तर तुम्हीच धावाल." म्हणून दावा सोडला.

किंमत ऐका, जुन्या करपद्धतीनं. पगार ९ लाख. प्रमाणित वजावट, पीएफ, आरोग्य विमा, घराच्या कर्जाचं व्याज, सगळं वजा जाऊन फीची वजावट मिळाली असती तर माझं उत्पन्न ५ लाखांच्या आत येत होतं, म्हणजे कर शून्य. ती गेली आणि कर झाला ३१ हजार ६१६ रुपये. नव्या करपद्धतीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) जा म्हणाल, तर तिथे त्या वर्षी आणखी जवळपास तीन हजार जास्त होते. दोन्हीकडून मोजून पाहिलंय, रात्री एक वाजता, मुलगी शेजारी झोपलेली असताना.

आता गंमत पुढे आहे. माझ्या वडिलांनी नातीच्या नावानं एक लाखाची ठेव ठेवली. तिचं वर्षाचं व्याज सात हजार. हे व्याज कोणाच्या उत्पन्नात धरायचं? इथे तुमच्या कायद्याला पावती लागत नाही, ना हरकत पत्र लागत नाही. लग्न टिकलेलं नसेल तर मुलाचा सांभाळ जो करतो त्याच्या उत्पन्नात, असं १९६१ च्या कायद्याच्या कलम ६४ मध्ये स्वच्छ लिहिलंय. म्हणजे माझ्या! त्यातून सूट किती, तर वर्षाला १,५०० रुपये, नव्वदच्या दशकात ठरलेली. नव्या पद्धतीत तीही नाही. घ्यायचं असलं की मुलगी माझी. द्यायचं असलं की पावती बघू.

आणि 'अविभक्त हिंदू कुटुंब', ज्याला आयकर कायदा स्वतंत्र करदाता मानतो, ते? माझ्या माजी नवऱ्याचं आहे, वेगळ्या पॅनसह. २००५ च्या दुरुस्तीमुळे माझी मुलगी त्यात हक्काची सहदायाद, म्हणजे जन्मानं वाटेकरी, ते चांगलंच आहे, त्यावर माझी तक्रार नाही. पण घर फुटून सहा वर्षं झाली आणि कागदावर ते अजून अविभक्त, त्याला करमुक्त मर्यादा वेगळी, ८०सी वेगळं. मुलीसह रोज एका ताटात जेवणारी मी आणि माझी आई मात्र कुटुंब नाही. आम्ही नुसत्या 'व्यक्ती'.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते, तीही घटस्फोटित. तिथे आधी रात्री मोजतात. वर्षात मूल ज्याच्या घरी जास्त रात्री झोपलं, मुलाच्या करसवलतीचा दावा त्याचा. दुसऱ्याला द्यायचा तर ८३३२ नंबरच्या फॉर्मवर माझ्या बहिणीची सही लागते. भांडणं तिथेही होतात, ती फोनवर तासभर सांगते. पण तिथे सही तिची मागतात. इथे मी त्यांच्या सहीसाठी फोन करते.

तुम्ही फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हणालात की नवा आयकर कायदा निम्म्या शब्दांत आणि सोपा असेल. झाला मंजूर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ५३६ कलमं. माझ्यासारखीसाठी त्यात काय बदललं? ८०सी चं १२३ झालं. मर्यादा तीच दीड लाख, २०१४ पासूनची. २०१४ साली माझी मुलगी रांगत होती हो! मुलांचा शिक्षण भत्ताही २०२५ साली महिन्याला शंभर रुपयेच करमुक्त होता, तेवढ्यात तिची रिक्षा एक दिवस येते. वह्या-पेन्सिलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, तेव्हा दोन पेन्सिली जास्त घेईन म्हणते.

राज्य सरकारनं १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव सक्तीचं केलं. माझी २०१३ ची. सगळीकडे अकरा वर्षं उशीर.

मागणं मोठं नाही. न्यायालयाच्या हुकुमानं ताबा ज्याच्याकडे, त्यानं स्वतःच्या खात्यातून भरलेली फी त्याचीच धरा, पावतीवर नाव कोणाचंही असो. आणि तसं परिपत्रक काढा, म्हणजे एचआरच्या टेबलावर ते आपटता येईल. ते १,५०० रुपये वाढवा किंवा काढून तरी टाका, उगाच दान दिल्यासारखं वाटतं. महिन्याच्या पोटगीला लागणाऱ्या कराबद्दल बोलायचं होतं, पण ती मला गेल्या पाच महिन्यांत मिळालीच नाही, त्यामुळे त्या बाबतीत सध्या मी पूर्ण करमुक्त आहे.

आपली,
एक करदाती, पुणे

ता. क. काल दुसऱ्या हप्त्याची पावती आली. ३४ हजार, माझ्या खात्यातून. खाली लिहिलंय, 'श्री. यांजकडून साभार प्राप्त.'