टोपीबद्दल

लाँगइयरबेन, स्वालबार्ड
१९ जुलै

प्रिय बंड्या,

दीड वर्ष तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता रात्री एक वाजता लख्ख उन्हात लिहायला बसलोय. तब्येत ठीक. गुडघा तसाच.

परवा स्मीरेनबुर्गला उतरलो. स्मीर म्हणजे चरबी. सतराव्या शतकात डच लोक इथे देवमासे मारून मोठाल्या कढयांत चरबी कढवायचे. तेल युरोपात दिव्यांना, साबणाला जायचं. कढया गेल्या, चुलींची कडी राहिलीत. उतू गेलेली चरबी वाळूत मुरून दगडासारखी झालीय, काळपट, बोट लावलं तर खरखरीत. खाडीतले बोहेड देवमासे त्यांनी जवळपास संपवले. वालरसही संपतच आले होते, १९५२ साली शिकारबंदी झाली म्हणून वाचले. आता त्याच वाळूवर ढीग करून झोपतात. त्यांचं घोरणं ऐकलं आणि रतनगडावरचा तुझा तंबू आठवला! डोक्यावर आर्क्टिक सुरय झेपावत होते, म्हणून प्रत्येकाने काठी उंच धरलेली, कारण ते सगळ्यात उंच टोकावरच चोच मारतात. रायफलवाला गाइड अस्वलाची टेहळणी करत होता. माझं लक्ष मात्र टोप्यांत होतं.

येताना अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये त्या पाहिल्या होत्या. १९८० साली संशोधकांनी स्वालबार्डवरच्या १८५ डच देवमासेमारांच्या कबरी तपासल्या, तेव्हा सापडलेल्या लोकरी टोप्या. थंडीत फक्त डोळे उघडे, म्हणून माणूस ओळखायचा तो टोपीच्या पट्ट्यांवरून. प्रत्येकाचे पट्टे वेगळे. बंड्या, तिथे मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. माईंनी आपल्याला विणल्या तेव्हा हेच म्हणाल्या होत्या ना, धुक्यात एकमेकांना ओळखा म्हणून? तुझा लाल, माझा पिवळा, दादूचा निळा.

दादूची टोपी माझ्याकडे आहे.

काकूंनी विचारलं तेव्हा सगळे तुझ्याकडे बघत होते, कारण त्याची सॅक तू उतरवली होतीस. हरवली असेल, म्हणालास आणि त्यांचं बोलणं ऐकून घेतलंस. मी शेजारी उभा होतो. मग बसस्टँडवर तू मला म्हणालास, ‘तू एकदा तरी तोंड उघडायचंस’, आणि मी तुझ्यावरच ओरडलो. टोपी तेव्हा माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात होती. का ठेवली? हवी होती, एवढंच.

ती लोकर तीनशे वर्षं टिकली, कारण जमीन गोठलेली होती. आता ती जमीन विरघळतेय, किनाऱ्यावरच्या कबरी खचतायत, आतलं कापड कुजतंय. आणि गेल्या पावसाळ्यात मी कपाट उघडलं तर निळ्या पट्टीला कसर लागलेली. बोट जाईल एवढं भोक.

माईंना ते विणून देता येईल का? त्यांचे डोळे कसे आहेत आता? चिऊचा बारावीचा निकाल कळव. दुकानाचं काय ठरलं?

सप्टेंबरमध्ये येतोय. काकूंकडे मी जाणार, टोपी घेऊन, आणि ती तुझ्याकडे कधीच नव्हती हे तुझ्यासमोर सांगणार. येशील ना? नाही म्हणालास तरी जाईनच, पण ये.

तुझा,
बाप्या