सूचना : जुने सॉफ्टवेअर मर्यादित खात्यातून चालवण्याबाबत

सभासदांनी जुना प्रोग्रॅम चालत नाही म्हणून रोजच्या खात्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देऊ नयेत. बहुतेक वेळा अडचण एकाच फोल्डरची असते.

विंडोज एक्सपीच्या काळातले बरेच प्रोग्रॅम आपली सेटिंग्ज आणि डेटा, ते जिथे इन्स्टॉल होतात त्या 'प्रोग्रॅम फाइल्स' फोल्डरमध्येच लिहितात. मर्यादित खात्याला, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसलेल्या खात्याला, तिथे लिहिता येत नाही. व्हिस्टापासून (2007) पुढे विंडोज अशा 32-बिट प्रोग्रॅमचे लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या 'व्हर्च्युअलस्टोअर' फोल्डरकडे वळवते. त्यामुळे एका खात्यात केलेल्या नोंदी दुसऱ्या खात्यात दिसत नाहीत. डेटा गेला असे समजून पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी, नोंदी केलेल्या खात्याच्या 'अ‍ॅपडेटा'मधील 'लोकल'मध्ये हा फोल्डर जरूर पाहा.

उपाय : आधी बॅकअप. मग अ‍ॅडमिन खात्यातून प्रोग्रॅम 'प्रोग्रॅम फाइल्स'बाहेर, सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करा. त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट या क्रमाने जाऊन 'यूजर्स' गटाला 'मॉडिफाय' परवानगी द्या. 'फुल कंट्रोल' नको, आणि अख्ख्या सी ड्राइव्हला तर मुळीच नको. प्रोग्रॅम डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवू देत असेल तर फक्त त्यालाच परवानगी द्या. कारण ज्या फोल्डरमध्ये कोणीही लिहू शकतो, तिथली प्रोग्रॅमची फाइलही कोणीही बदलू शकतो. म्हणून असा प्रोग्रॅम अ‍ॅडमिन खात्यातून उघडू नका.

तरीही अडले तर 'प्रोसेस मॉनिटर' (प्रोग्रॅम कोणत्या फाइल उघडू पाहतो ते दाखवणारे मायक्रोसॉफ्टचे साधन) चालवून 'अ‍ॅक्सेस डिनाइड' (परवानगी नाकारली) निकालाच्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढून पाहा. नेमकी फाइल किंवा रजिस्ट्रीची (विंडोज जिथे सेटिंग्ज साठवते त्या यादीची) नोंद तिथे सापडते.