झिंगे टाकताना तवा तापलेला हवा

लातूर

चि. रोहन,
अनेक आशीर्वाद.

पोळीत भरून खायचे मेक्सिकन पद्धतीचे झिंगे खोलीवर कसे करायचे, ते विचारलंस. अर्ध्या तासाचं काम आहे, पण झिंग्यांची त्यातली 3 मिनिटंच. बाकी सगळं आधी हाताशी तयार ठेव. झिंगे तव्यावर टाकून कांदा चिरायला बसलास की ते चामट झालेच म्हणून समज.

समुद्र संभाजीनगरपासून लांब, माल बर्फातूनच येतो. सोललेले गोठवलेले घे, दोघांना पाव किलो. पाकिटावर बर्फ सोडून वजन किती ते बघून घे, नाहीतर पाण्याचेच पैसे मोजशील. पिशवीसकट थंड पाण्यात 20 मिनिटं ठेव. गरम पाण्यात बाहेरून शिजू लागतात आणि आत बर्फ तसाच राहतो. उघडल्यावर अमोनियासारखा उग्र वास आला तर सरळ फेकून दे, धुऊन उपयोग नाही. पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढ. मग स्वच्छ फडक्यात दाबून कोरडे कर, आणि याचा कंटाळा करू नकोस. ओले झिंगे पाणी सोडतात, आणि ते पाणी आटेपर्यंत तिथली उष्णता 100 अंशांवर चढत नाही. मग झिंगे भाजत नाहीत, उकडतात.

अर्धा छोटा चमचा मीठ, तेवढीच जिरेपूड, पाव चमचा तिखट, चमचाभर तेल चोळ. लिंबू आता नको. आंबटानं झिंगे आचेआधीच आक्रसून पांढरे पडतात.

साल्सासाठी, म्हणजे तिकडच्या चटणीसाठी, मेक्सिकोत चिपोटले वापरतात, म्हणजे पिकलेली हलापेन्यो मिरची धुरावर वाळवून. तो धुरकटपणा यात नसला, तरी 3 ब्याडगी मिरच्या छान चालतात. रंग येतो, जाळ कमी. बिया काढून कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंतच परत, काळ्या झाल्या तर साल्सा कडू होतो. 10 मिनिटं गरम पाण्यात भिजव. 2 टोमॅटो, अर्धा कांदा, 2 लसूण पाकळ्या सालीसकट डाग पडेपर्यंत भाज, लसूण सोल, आणि सगळं मीठ घालून मिक्सरमध्ये थांबत-थांबत जाडसर फिरव.

पोळ्या कणकेच्याच कर, लहान आणि पातळ. मक्याच्या पिठाच्या नादी लागू नकोस. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून दळतात, म्हणून ते पीठ चिकटून येतं. आपल्या दुकानातलं साधं पीठ दुमडताना तुटतं. ज्वारीची भाकरी ताजी, पातळ असेल तर चवीला झकास, पण गार झाली की तीही मोडते.

आता लोखंडी तवा चांगला तापव, 2 चमचे तेल घाल. झिंगे एकमेकांना न चिकटता पसर, मावत नसतील तर दोन घाणे कर. एका बाजूनं दीड मिनिट हलवू नकोस. उलटव, 5-6 पाकळ्या बारीक चिरलेला लसूण आणि चमचाभर लोणी घाल, मिनिटभर परत. लसूण आधी घातलास तर जळतो. झिंगा अर्धचंद्रासारखा वळला, आतून काचेसारखा न राहता पांढरा झाला, की गॅस बंद. गोल वेटोळं झालं म्हणजे उशीर झाला. लगेच ताटलीत काढ, तापलेल्या तव्यावर ते शिजतच राहतात. अर्धं लिंबू पिळ.

पोळीवर साल्सा, झिंगे, बारीक कोबी, कोथिंबीर, वर मीठ घातलेलं घट्ट दही. उरले तर लगेच फ्रिजमध्ये ठेव आणि दुसऱ्या दिवशी गारच पोळीत भरून खा, पुन्हा गरम करू नकोस.

तुझी आई