किरणोत्सर्गाची माहिती रुग्णाला उमजेल अशी हवी

संपादक महोदय,

एक्स-रे किंवा सीटी स्कॅनची चिठ्ठी हातात पडली की रुग्णाचे नातेवाईक आधी मोबाइलवर शोधाशोध करतात. त्यात गैर काहीच नाही. पण तिथे सापडणारी माहिती बहुधा त्यांच्यासाठी लिहिलेलीच नसते. एका पानावर छातीच्या एक्स-रेतून मिळणाऱ्या किरणोत्सर्गाची मात्रा 0.1 मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक) असते, दुसऱ्यावर 100 मायक्रोसिव्हर्ट (मिलिसिव्हर्टचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोसिव्हर्ट). मात्रा एकच, पण आमच्या क्ष-किरण विभागाबाहेर बाकावर बसलेल्या माणसाला दुसरा आकडा हजारपट मोठा वाटतो आणि तो तपासणीच नको म्हणतो.

वास्तविक जमीन, हवा, अन्न आणि अवकाश यांतून प्रत्येकाला वर्षाकाठी, जागतिक सरासरीने, सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतच असतो. त्या हिशेबाने छातीचा एक्स-रे म्हणजे पंधराएक दिवसांची नैसर्गिक मात्रा, तर पोटाचा सीटी स्कॅन साधारण तीन-चार वर्षांची. एवढे सुरुवातीलाच सांगितले, तर एक्स-रेची धास्ती घेणारा सावरेल आणि गरज नसताना ‘एकदा सगळेच स्कॅन करून टाका’ म्हणणाराही थबकेल. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये असे किरण नसतातच, हेही अनेकांना ठाऊक नसते.

त्याहून घातक आहे ती सरमिसळ. अणुभट्टीतील दुर्घटना आणि रुग्णालयातील तपासणी यांची माहिती एकाच पानावर आली की लोक एक्स-रेआधी आयोडीनच्या गोळ्या घ्याव्यात का, असे विचारतात. त्या गोळ्या फक्त थायरॉइड ग्रंथीला अणुभट्टीतील दुर्घटनेत बाहेर पडणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवतात. एक्स-रेशी त्यांचा संबंध नाही. एक्स-रेनंतर शरीरात किरणोत्सर्ग उरत नाही, मात्र थायरॉइडच्या आजारावर उपचार म्हणून किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्या रुग्णाने काही दिवस लहान मुले व गरोदर स्त्रियांपासून दूर राहणे आवश्यक असते. हा फरक ठळकपणे सांगायला हवा.

किरणोत्सर्गाच्या सुरक्षित वापरावर देखरेख करणाऱ्या, मुंबईत मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने आणि राज्याच्या आरोग्य विभागाने मिळून मोबाइलवर सहज उघडेल असे मराठी पान तयार करावे, ही विनंती. त्यात स्कॅन केलेल्या पीडीएफ नसाव्यात, कारण चित्ररूपातला मजकूर शोधून सापडत नाही आणि दृष्टिहीनांच्या सॉफ्टवेअरलाही नीट वाचता येत नाही. सर्वत्र एकच एकक असावे, माहिती कधी तपासली ती तारीख असावी आणि प्रसिद्धीपूर्वी ते पान बाह्यरुग्ण विभागातल्या लोकांकडून वाचून घ्यावे. सर्वांत वर गरोदर स्त्रियांसाठीची सूचना असावी: दिवस गेल्याची शंका जरी असली, तरी तपासणीआधी डॉक्टरांना किंवा तंत्रज्ञाला सांगावे.

– एक क्ष-किरण तंत्रज्ञ, नाशिक