निलगिरी लावायचीच असेल, तर कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत लावा

मा. अपारंपरिक ऊर्जा मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,

सविनय नमस्कार.

झपाट्याने वाढणाऱ्या निलगिरीच्या लाकडावर वीज निर्माण करावी, हा विचार निघाला की पडीक जमिनीचा शोध सुरू होतो, आणि आमच्या भागात पडीक म्हटले की जत, आटपाडी, माण, खटाव हीच नावे पुढे येतात. मी वाळवा तालुक्यातील ऊस उत्पादक शेतकरी आहे. या झाडाला माझा विरोध नाही, पण त्यासाठी जागा मात्र दुष्काळी माळ नव्हे, तर आमचा नदीकाठ निवडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्या तालुक्यांत वर्षाला साधारण 500 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि टेंभू, म्हैसाळ यांसारख्या योजनांचे पाणी वीज खर्चून वर उचलावे लागते. निलगिरीची मुळे खोल जाऊन जमिनीत मुरलेली ओलही ओढून घेतात. कर्नाटकाने 1980 च्या दशकात सामाजिक वनीकरणातून हे झाड कोलारसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांत पसरवले आणि 2017 मध्ये त्याच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. शिवाय तो माळ मोकळा नाही, तिथे मेंढरे चरतात आणि निलगिरीच्या पाल्याला मेंढरू तोंड लावत नाही.

हिशेबही जुळत नाही. लाकडापासून एक युनिट वीज काढण्यास सव्वा ते दीड किलो लाकूड जळते, म्हणजे एक मेगावॅटचे केंद्र वर्षभर चालवण्यास नऊ-दहा हजार टन लाकूड हवे, आणि कोरडवाहू जमिनीत त्यासाठी हजारभर हेक्टर तरी गुंतेल. तेवढीच वीज सौर पॅनेल वीस-पंचवीस एकरांत देतात. त्या तालुक्यांना ऊन भरपूर आहे, तिथे सौरऊर्जाच योग्य.

आमच्याकडे दुखणे उलटे आहे. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत उसाला वर्षानुवर्षे पाटाने बेसुमार पाणी दिले, भारी काळ्या जमिनीतून त्याचा निचरा झाला नाही, पाण्याची पातळी वर आली आणि पाठोपाठ क्षारही वर आले. एके काळी उसाचे भरघोस उत्पादन देणारी राने आज पांढरी पडली आहेत, आणि ती पाहताना जीव तुटतो. दुष्काळी भागात जी तहान घातक ठरते, तीच इथे उपयोगी आहे. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने हरियाणातील पाणथळ शेतांत बांधांवर निलगिरीचे पट्टे लावले, तेव्हा भूजल पातळी खाली गेल्याचे दिसले. अर्थात झाड पाणी ओढते, क्षार मात्र मागेच राहतात, म्हणून जमिनीखाली पुरलेल्या सच्छिद्र पाइपमधून पाणी बाहेर काढणाऱ्या निचऱ्याला ते पर्याय नाही, जोड आहे. अति क्षारपड रानात आणि साचलेल्या पाण्यात रोप तग धरत नाही, ते उंच वरंब्यावरच लावावे लागेल.

गिऱ्हाईकही जवळच आहे. साखर कारखान्यांचे सहवीजनिर्मिती प्रकल्प उसाच्या चोयट्यावर, म्हणजे बगॅसवर चालतात, आणि गळीत हंगाम संपला की बगॅसअभावी त्यांतील बरेच बंद राहतात. बॉयलरमध्ये आवश्यक ते बदल केल्यास त्या महिन्यांत लाकडाचे तुकडे वापरता येतील, आणि लांबच्या वाहतुकीचा खर्चही वाचेल. चार-पाच वर्षांनी तोडलेल्या खोडाला पुन्हा फुटवे येतात, त्यामुळे शेतकऱ्याला दर वेळी नवी रोपे लावावी लागत नाहीत.

म्हणून आपल्या विभागाने कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्राच्या मदतीने क्षारपड गावांत प्रथम मोजक्या क्षेत्रावर लागवड करावी आणि तेथील भूजल पातळी व क्षार यांच्या नोंदी दर हंगामाला गावासमोर ठेवाव्यात. लाकडाचा दर आणि खरेदीचा करार रोप लावण्याआधीच लेखी व्हावा, कारण चार वर्षे पीक सांभाळून भावासाठी दारोदार फिरणे लहान शेतकऱ्याला परवडणारे नाही. अवर्षणप्रवण तालुक्यांत ऊर्जेसाठी निलगिरीला अनुदान दिले जाणार नाही, हेही शासन निर्णयात स्पष्ट लिहावे.

आपला विश्वासू,
वाळवा तालुक्यातील एक ऊस उत्पादक शेतकरी, जि. सांगली