बाबांनी फोनवर विचारलं त्याचं उत्तर

प्रिय आई आणि बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार. बाबांना असं लिहिलेलं आवडते म्हणून लिहिलं, नाहीतर मी मोबाईलवर टाईप करून राहिली आहे, खाटेवर बसून, लाईट गेली आहे आणि पाऊस सुरू आहे. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका. मागच्या वेळी तुम्ही वाघाचं गाळलं, मग तिला ते मावशीकडून समजलं आणि रात्री साडेदहाला मलाच फोन.

रविवारी तुम्ही विचारलं बदलीचा फॉर्म भरला का आणि मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती. खोटं बोलली. तोंडाने सांगता येत नव्हतं म्हणून आता लिहून सांगते, पण जरा फिरून येईन, तुमची एसटीची लाल गाडी यायची तशी, सगळे फाटे घेत.

शाळेचा पट या वर्षी १७ झाला. मागच्या वर्षी १४ होता. हसू नका, इथं तीन पोट्टे वाढले की सर सगळ्यांना पेढे वाटतात. दोन खोल्या, एक व्हरांडा, एक हापशी आणि पाच वर्ग. पहिली दुसरी माझ्याकडे, बाकी सरांकडे, आणि सर तालुक्याला मीटिंगला गेले की पाचही माझ्याकडे. तेव्हा मी पाचवीच्या दोघी पोरींना पहिलीवाल्यांजवळ बसवून देते आणि खरं सांगू का, त्या माझ्यापेक्षा बऱ्या शिकवतात, कारण त्यांना कुठलं पोर्टल भरायचं नसते. आम्हाला रोज किती पोरं जेवली ते अ‍ॅपवर टाका, आधार नंबर जुळवा, प्रत्येक पोराचा अपार आयडी, म्हणजे ओळख नंबर, काढा, आणि हे सगळं करायला रेंज पाहिजे म्हणून सर टाकीच्या कठड्यावर चढून मोबाईल वर धरतात. गावातले लोक म्हणतात सर पाऊस मागून राहिले.

तुमच्याकडं कपाशी आणि तूर, इथं झाडीपट्टीत नुसती धानाची बांधी. मी आली तेव्हा मला परे म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. आता समजते, आधी एका कोपऱ्यात दाट रोप टाकतात ते परे, मग ते उपटून चिखलात रोवतात. या वर्षी पाऊस उशिरा आला त्यामुळे सगळ्यांची रोवणी एकदाच निघाली, बाया हुंड्याने रोवायला जातात, म्हणजे दिवसाची मजुरी नाही, एवढ्या जमिनीचे एवढे पैसे, मग जितक्या लवकर होईल तितकं बरं म्हणून सकाळी सहालाच घरं रिकामी. पंधरा दिवस हजेरी नऊ-दहाच्या वर गेली नाही. तिसरीतला एक पोट्टा दोन दिवस आला नाही म्हणून मी घरी गेली तर दारात लहान्याला मांडीवर घेऊन बसलेला. म्हणे, मॅडम, माय रोवन्याले गेली, मी याले पाहून राहिलो. मी म्हटलं दोघंही चला. आता ते लहानं पण येते शाळेत, दीड वर्षाचं, कुठल्याच कागदावर नाही. खडू खाते. अंगणवाडी शेजारीच आहे पण तिथं नेलं की रडते, भाऊ दिसला पाहिजे.

आई, खिचडीचं तू विचारत असतेस. पाचवीपर्यंतच्या पोराला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ असं ठरलेलं असते, म्हणजे आमचा सगळा तांदूळ दोन किलोसुद्धा भरत नाही. गंमत म्हणजे ज्या गावात चहूकडे धानच धान तिथं शाळेचा तांदूळ बाहेरून गाडीत येते. खिचडीवाल्या मावशी मोठ्या गंजात शिजवतात, परसबागेतला पालक टाकतात, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि वास सुटला की माझी दुसरी बाराखडी विसरते. मावशींना मानधन महिन्याचं २५०० रुपये, तेही दोन-तीन महिने अडकून मग एकदम येते. त्या पैशासाठी येतात असं मला वाटत नाही, नातू शाळेत आहे म्हणून येतात. पण त्या असं करतात म्हणून कमी द्यायचं हे काही मला पटत नाही.

आता वाघ. गाळू नका बाबा.

टोलीवरची, म्हणजे बाजूच्या वस्तीवरची, सहा पोरं दीड किलोमीटर चालत येतात आणि मधला पाऊण किलोमीटर झाडीचा आहे. ताडोब्याला लोक हजारो रुपये देऊन वाघ दिसावा म्हणून जिप्सीत बसतात, आणि माझी पोरं वाघ दिसू नये म्हणून तेलाचा डबा वाजवत शाळेत येतात. पुढे एक माणूस, मागे एक माणूस, मध्ये पोरं, घराघराच्या पाळ्या लावल्या आहेत. गावाच्या ग्रुपवर मेसेज आला की अमुक नाल्याजवळ पाय उमटले, की आम्ही पोरांना लवकर सोडतो नाहीतर मग मोठी माणसं येईपर्यंत थांबवून ठेवतो. उन्हाळ्यात जास्त भीती, कारण मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफूल वेचायला जातात आणि मेमध्ये तेंदूपत्ता, तेव्हा माणूस वाकलेला असते आणि एकटा असते. पोरंही जातात वेचायला. सकाळच्या शाळेत येतात तेव्हा अंगाला मोहाचा गोड वास असते आणि पहिल्याच तासाला पेंगतात. मी ओरडत नाही, त्यांचा दिवस चारला सुरू झालेला असते. मी स्कूटीने येते-जाते, मुख्य रस्त्याने, अंधाराच्या आत, आई तू उगाच बीपी वाढवू नको.

बाबा, एक तुम्हाला आवडेल असं. तुम्ही आम्हाला लहानपणी टपली मारायचे ना, डोया नाही डोळा म्हण, केयी नाही केळी म्हण. आपल्याकडं ळ चा य होते आणि इथं झाडीपट्टीत ळ चा र होते. डोरा म्हणतात. पहिल्या वर्षी मी फळ्यावर ळ काढला आणि सगळा वर्ग एका सुरात र म्हणाला आणि मला एवढं हसू आलं की मीच तोंडातून य काढला. नंतर मी एक करून टाकलं, घरचं घरी, पुस्तकातलं पुस्तकात, दोन्ही बरोबर. आता पोरंच मला विचारतात मॅडम तुमच्या गावात याला काय म्हणतात, आणि मी सांगितलं की लोळतात हसून.

संध्याकाळी गावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते, आपल्या चौकात व्हायची तशीच, खंजिरी पण तशीच. उशीर झाला की कधी बसते मी तिथं. तेव्हा तुमची आठवण येते, बाकी वेळ कामात जाते हे खरं.

दिवाळी झाली की इथं मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्रभर नाटकं, पडदा पहाटे पडते आणि दुसऱ्या दिवशी माझा अर्धा वर्ग गायब. त्याचं काही वाटत नाही. वाटते ते जानेवारीनंतर. धान निघालं की काही घरं तेलंगणात मिरची तोडायला जातात आणि पोरांनाही नेतात. आम्ही हमी कार्ड देतो, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून, पण तिकडे पोर तेलुगू शाळेत काय करेल, ते शेताच्या कडेला बसून राहते. मागच्या वर्षी माझी एक दुसरीतली गेली तेव्हा फाडफाड वाचत होती आणि परत आली तेव्हा बोटांना मिरचीची आग आणि जोडाक्षर आलं की थांबायची. पुन्हा सुरुवातीपासून. या वर्षी तिची आजी म्हणाली मी राहते इथंच पोरीला घेऊन, मॅडम तुम्ही आहा ना पण. मी हो म्हटलं.

म्हणजे आता आलाच तुमचा प्रश्न.

फॉर्म नाही भरला बाबा. शेवटच्या दिवशी रात्री अकरापर्यंत उघडून बसली होती, जिल्हाही टाकून झाला होता, मग बंद केला. सर मे महिन्यात रिटायर होतात. त्यांच्या जागी कोण येईल, येईल की नाही, कोणालाच माहीत नाही. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं निघालं होतं तेव्हा गावात किती घाबरले होते लोक, टोलीवरची पोरं आधीच झाडीतून येतात, त्यांना आणखी चार किलोमीटर पुढे कोण नेणार. कायद्यात प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे असं आहे, पण त्या किलोमीटरात नाला आहे का वाघ आहे हे तर गावालाच माहीत. मी गेली म्हणून शाळा बंद पडेल असं नाही, एवढी काही मी मोठी नाही. पण सर आणि मी दोघंही एकाच वर्षी गेलो तर या पोरांना सगळंच नवीन, ते मला बघवत नाही. आणि खरं म्हणजे मला इथं आवडते. हे मी तुम्हाला कधी स्पष्ट बोलली नाही कारण आई बाथरूममध्ये पडली त्या दिवशी मी इथं होती आणि दादा पुण्यात, आणि शेजारच्या काकूंनी उचललं. ते डोक्यातून जात नाही. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवायची म्हणून पैसे पाठवले आहेत, बाबा, मिस्त्रीला बोलवा, उद्या-परवा करू नका.

रागावला असाल तर रागवा, पण तान्ह्या पोळ्याला या. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी सजवून शाळेत आणतात, व्हरांड्यात तोरण बांधतो, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणतात, आणि मग घरोघरी बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागत फिरतात. या वर्षी त्या दीड वर्षाच्या साठी पण सरांनी नंदी करून घेतला सुताराकडून, वितीएवढा, चाकं लावलेला. आईला त्या पोरांना ओवाळायला लावणार आहे मी, सांगून ठेवलं आहे सगळ्यांना की माझी आई येणार, आता नाही आली तर माझी इज्जत जाईल.

येताना ज्वारीचं पीठ आणा, इथं भात खाऊन खाऊन कंटाळली. ठेचा पण. आईच्या शुगरच्या गोळ्या आठ दिवसांच्या जास्तीच्या ठेवा. तिकीट दोघांचंही अर्धं आहे. दर्यापूरहून पहाटेची अमरावती, तिथून नागपूर, मग ब्रह्मपुरी गाडी, उमरेड भिवापूर नागभीड वरून, रस्ता तुम्हाला माहीतच आहे. पुढची गाडी मुक्कामी आहे, संध्याकाळची, आमच्या फाट्यावर अंधार पडायच्या आत येते. तुम्ही मुक्कामी ड्युटीला असताना त्या एका मास्तरणीसाठी गाडी पाच मिनिटं थांबवून ठेवायचे आणि आई तुम्हाला त्यावरून चिडवायची ना. इथला कंडक्टर पण माझी स्कूटी बंद पडली की थांबवते. त्याला गावाचं नाव सांगू नका, शाळेच्या मॅडमचा फाटा म्हणा, बरोबर उतरवून देईल. मी डबा घेऊन उभी राहते.

तुमची
छोटी